३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ : तुम्ही कुठे होतात?

फुटबोर्ड (धागाकर्ता)

यंदा विसर्जनाहून घरी यायला तीन वाजले. अंग मोडून आलं होतं, पण झोप येईना. चाराला चार मिनिटं कमी असताना नजर आपसूक पंख्याच्या दांड्याकडे गेली. दर अनंत चतुर्दशीला जाते, जाग असली तर.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आम्ही सोलापुरात चाळीत राहायचो. आदल्या दिवशी, २९ तारखेला, अनंत चतुर्दशी. संध्याकाळभर लेझीम बघून आम्ही पोरं मेल्यासारखी झोपलो होतो. मला आठवतं ते असं. फळीवर आईने पितळी डबे एकावर एक रचलेले असायचे. ते वाजायला लागले. मोठ्याने नाही, दात वाजतात तसे. मला वाटलं मांजर आलं. तेवढ्यात बाबांनी मला गोधडीसकट उचललं आणि जिना उतरून खाली अंगणात आणलं. बाबा एसटीत ड्रायव्हर. त्यांच्या खाकी शर्टाचं बटण माझ्या गालात रुतत होतं, ते अजून रुततं. खाली सगळी चाळ जमलेली, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात नुसतीच उशी. एक आजोबा 'कोयना, कोयना' म्हणत होते.

किल्लारी हे नाव तोवर मी ऐकलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या चाळीच्या तोंडी तेच.

तुम्ही कुठे होतात? नंतर जन्मलेल्यांनी घरी विचारून लिहा. मोठं काही नको, डबे वाजले एवढं लिहिलंत तरी चालेल.

---

लक्ष्मी रोडचा ढोल

पुण्यात, मिरवणुकीत, कमरेला ढोल बांधून. आम्हाला काहीच कळलं नाही. त्या रात्री पायाखालची जमीन तशीही हलतच असते. सकाळी दहाच्या सुमारास गुलालाने माखलेला घरी पोचलो तर आई दारातच. म्हणाली, 'पलंग हलला रे पहाटे, तू कुठे होतास?' मी हसलो. तिला म्हटलं, तुला झोपेत वाटलं असेल.

संध्याकाळी आकडे यायला लागले तेव्हा अंगावरचा गुलाल निघता निघत नव्हता. त्या वेळी आपण काय करत होतो हे बरीच वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. वाजवणाऱ्याला काय ठाऊक असणार, हे कळतं. तरी.

---

कऱ्हाडकर

धागाकर्त्याच्या चाळीतले ते आजोबा माझ्या पिढीचे असणार. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट ज्यांनी बघितली त्यांना जमीन हलली की दुसरं नाव सुचत नाही. कोयनानगरचा तो भूकंप पहाटे साडेचारच्या आत झाला, पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यानंतर आमच्या भागात लहान धक्का म्हणजे पाहुणा. भांडी वाजली की बायका 'आला' म्हणायच्या आणि पुन्हा कुशीवर वळायच्या.

म्हणून ९३ साली मी उठलो, बाहेर आलो, आकाशाकडे पाहिलं (का ते विचारू नका, सगळेच पाहतात) आणि शेजाऱ्याला म्हटलं, धरण बघून यायला हवं. आम्ही पश्चिमेकडे तोंड करून उभे, आणि माणसं मरत होती पूर्वेला अडीचशे-तीनशे किलोमीटरवर. मराठवाड्यात भूकंप होईल हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मुख्यमंत्री शरद पवार सकाळीच लातूरला पोचले, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी होतं.

---

चर्चगेट स्लो

मुंबई. गिरगावातून गणपती बुडवून येऊन नुकते आडवे झालो होतो. खिडकीची तावदानं थरथरली आणि वडील एकच शब्द बोलले, 'बाँब.' त्या वर्षाची आमची डोकी तशीच झाली होती. जानेवारीत दंगल, १२ मार्चला बारा ठिकाणी स्फोट, २५७ माणसं गेलेली. वडिलांचं ऑफिस त्यातल्या एका ठिकाणापासून हाकेच्या अंतरावर होतं. भूकंप आहे कळल्यावर ते चक्क 'बरं झालं' म्हणाले. आपल्या माणसांनी केलेलं नाही, असं त्यांना म्हणायचं असावं. दुपारनंतर तो शब्द त्यांनी गिळला. पण आम्ही तिघांनी ऐकला होता.

---

गच्ची

वाचतेय. आमच्याकडे हैदराबादेतही जाणवला होता, एवढंच आईला आठवतं.

---

उंटावरचा शहाणा

रसभंग करतो, माफी असावी. हे जे बटण, डबे, गुलाल आहे ना, ते आपल्याला जितकं लख्ख दिसतं तितकं खरं असेलच असं नाही.

१९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर सव्वा मिनिटाच्या आत फुटलं. उल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कळली तेव्हा कुठे होतात, कुणी सांगितलं, काय करत होतात. अडीचेक वर्षांनी त्यातल्याच चव्वेचाळीस जणांना पुन्हा तेच विचारलं. जवळपास चौथा हिस्सा मुलांची प्रत्येक गोष्ट चुकली. जागा चुकली, माणूस चुकला, वेळ चुकली. आणि चुकणारे अगदी ठाम होते. त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला, तरी काही जण अक्षर आपलं म्हणून कबूल करत आणि मजकूर मात्र मानत नसत.

तेव्हा फुटबोर्डसाहेब, बाबांना एकदा विचारून घ्या. तीस वर्षांत बटण हलू शकतं.

---

फुटबोर्ड

@उंटावरचा शहाणा, बाकी काहीही हललं असेल, बटण नाही. पैज.

---

निळी शाई

मी तेव्हा सोलापुरात नर्सिंग शिकत होते, दुसऱ्या वर्षाला. पहाटे हॉस्टेलच्या खाटा सरकल्या. आम्ही ओरडत खाली आलो, मेट्रनने रागावून परत वर पाठवलं. सकाळी मात्र तिनेच सगळ्यांना वॉर्डात बोलावून घेतलं. शिकाऊ, न शिकाऊ, सगळ्या.

पहिला ट्रक आला तो विसरणं शक्य नाही. शहाणे म्हणोत काहीही. ट्रकमधली सगळी माणसं एकाच रंगाची होती. केस, पापण्या, ओठ, लुगडी, सगळं पांढुरकं राखाडी. म्हातारं कोण, तरणं कोण हे पुसल्याशिवाय कळत नव्हतं. मला कोमट पाणी आणि कापूस देऊन नुसते चेहरे पुसायला बसवलं. चेहरा पुसायचा, शुद्धीवर असेल तर नाव विचारायचं आणि चिकटपट्टीवर लिहून मनगटाला लावायचं. ज्यांना बोलता येत नव्हतं त्यांच्या मनगटावर नुसतं गाव लिहायचं, तेही ट्रकवाला सांगेल ते. सास्तूर. होळी. मंगरूळ. पेठसांगवी. एका मुलाच्या हातावर मी काहीच लिहू शकले नाही, कारण तो ट्रक वाटेत तीन गावांत थांबला होता.

चिकटपट्ट्या दुपारीच संपल्या. मग निळ्या शाईच्या पेनाने थेट कातडीवर लिहिलं. माझी इथली सही तिथूनच आली आहे.

---

बाकावरची

मी पुण्याजवळ वाघोलीत शिकवायचे, नवीन होते. भारतीय जैन संघटनेने भूकंपातली बाराशेच्या आसपास मुलं पुण्याला आणली होती, त्यांतली काही आमच्याकडेही यायची. एकच सांगते. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला आणि बाकं जराशी थरथरली की अर्धा वर्ग दाराबाहेर असायचा. कुणी ओरडायचं नाही, कुणी रडायचं नाही. उठायची, बाहेर उभी राहायची, ट्रक गेला की आत येऊन बसायची. बाकीच्या मुलांना आधी गंमत वाटली. दिवाळीपर्यंत तीही त्यांच्याबरोबर उठायला लागली.

---

तेरणाकाठ

हा धागा परवाच वाचला आणि काही लिहायचं नाही असं ठरवलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू? 'तुम्ही कुठे होतात' हा लांबच्या माणसांचा प्रश्न. पहाटे चारला माणूस कुठे असणार? घरात. आमच्याकडे पुढची दोन-तीन वर्षं बाजारात, दवाखान्यात, एसटीत अनोळखी माणूस शेजारी बसला की आधी गाव विचारायचा. मग एवढंच, 'तुमच्यातले किती?' आपण आकडा सांगायचा, तो त्याचा सांगायचा. झालं. पुढे पाऊसपाणी, सोयाबीन, काहीही.

पण 'शहाणे' यांचं वाचून राहवलं नाही. त्या दिवशी आमच्या गावात 'कोण कुठे होतं' याला वेगळाच अर्थ होता. तो सांगते आणि थांबते.

मी चौदा वर्षांची होते. आदल्या साली, ९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीकडे बरेच धक्के बसले होते. जमिनीखालून गडगड आवाज यायचा, ट्रॅक्टर चालल्यासारखा, आणि मग भांडी हलायची. तेव्हा आम्ही सगळे कित्येक रात्री बाहेर झोपलो. मग थंडी पडली, आवाज कमी झाले, शेतं सुगीला आली, एकेक जण आत गेलं. गेली नाही ती माझी आज्जी. तिची बाज वर्षभर अंगणात लिंबाखाली. पाऊस आला की पोतं पांघरायची. गाव हसायचं, 'म्हातारी भूकंपाची वाट बघतीया.' त्या रात्री घरी आत्या आणि तिची लेकरं गणपतीला आलेली, आत दाटी, म्हणून मला आज्जीशेजारी लिंबाखाली घातलं. माझं वाचणं एवढंच. त्यात हुशारी नाही, पुण्याई नाही.

आवाज आला. मग बाज जमिनीवरून उचलून आपटली. मग धूळ. निळी शाई यांनी रंग लिहिलाय तो बरोबर आहे, ती माळवदाची, छतावरची माती. तोंडात, नाकात, डोळ्यांत. किती वेळ काही दिसेना. किंकाळ्या वगैरे लोक सांगतात. मला आठवतंय ते कुत्र्यांचं भुंकणं, आणि तेही मागाहून. आधी काहीच नव्हतं.

आता मुद्दा. आमच्याकडे घर खणांत मोजतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. आमचं सात खणी. उजाडलं तेव्हा गल्ली कुठली, घर कुठलं, चौक कुठला, काही कळेना. दगड, माती आणि वर आलेली लाकडं, सगळा एकच ढीग. टिकाव-फावडी त्याच ढिगाखाली. हातांनी उकरायचं तर उकरायचं कुठे? तेव्हा कामाला आली ती ताकदवान माणसं नव्हेत. कामाला आली ती कोण कुठे निजतं हे ठाऊक असलेली माणसं. आमच्या घरात ते आज्जीला ठाऊक. ती ढिगावर चढली नाही. लिंबाखाली उभी राहून बोट दाखवत होती. 'थोरला दारात आडवा निजतो, त्याला उकडतंय. धाकटा दुसऱ्या खणात, भिंतीकडं डोकं करून. त्याची बायको उतरंडीपाशी, लेकरू तिच्या डाव्या अंगाला.' शेजारच्या शेतातून आलेली माणसं त्या बोटावर उकरत गेली. थोरले काका दारात होते, चौकट त्यांच्यावर तिरपी राहिली, ते जिवंत निघाले. बाकी ती म्हणाली तिथेच सापडले, हातभर इकडे-तिकडे नाही.

चुकलं एकाच बाबतीत. माझी धाकटी बहीण आईजवळ असणार असं ती म्हणाली. रोज तिथेच निजायची. दुपारपर्यंत तिथेच उकरत होते. ती रात्री उठून आत्याच्या मुलींत जाऊन निजली होती, पाचव्या खणात.

आज्जी त्यानंतर अकरा वर्षं जगली. पत्र्याच्या शेडमध्ये काय आणि नंतर नव्या गावातल्या घरात काय, रोज रात्री दिवा घालवायच्या आधी तिचा प्रश्न, 'कोण कुठं निजलंय, सांगा.' आम्ही सांगायचो. एखाद्याने रात्री जागा बदलली तर तिला उठवून सांगायचं, असा नियमच होता.

आमच्यातले सहा.

---

उंटावरचा शहाणा

माझा प्रतिसाद मागे घेत नाही, पण इथे तो फार पोकळ वाजतोय हे कळतंय. लिहिलंत, बरं केलंत.

---

ओळंबा

बांधकाम खात्यातून निवृत्त आहे. भूकंपानंतर वर्षभराने त्या भागात होतो, पुनर्वसनाच्या कामावर. तेरणाकाठ यांच्यापुढे बोलायला जीभ रेटत नाही, पण माळवदाबद्दल इथे कुणी तरी विचारणारच, म्हणून लिहितो.

भूकंप ६.२ तीव्रतेचा. जगाच्या हिशेबात हा काही राक्षस नव्हे. पण उथळ, जेमतेम दहा-बारा किलोमीटर खोल, आणि वर होती ती घरं. भिंत दोन-तीन फूट जाड, बघणाऱ्याला वाटावं तोफेलाही ऐकणार नाही. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. आतल्या बाजूने दगडाचा एक थर, बाहेरच्या बाजूने दुसरा, आणि मध्ये चिपा नि माती भरलेली. दोन्ही थरांना शिवेल असा आरपार लांब दगड घालायला हवा, तो बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलली की दोन्ही थर पुस्तक उघडावं तसे फाकतात.

आणि वर माळवद. तुळया, त्यावर सर म्हणजे आडवी लाकडं, त्यावर किलचन म्हणजे बारीक फळ्या, त्यावर माती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात यासारखं घर नाही, मे महिन्यात आत गेलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. पण दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला गळू नये म्हणून वर नवी माती टाकायची. जुनी कुणी काढत नाही. आजोबांची माती, वडिलांची माती, आपली माती. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर दीड फूट माती धरली तरी साडेसहा-सात टन होतात. एवढं डोक्यावर घेऊन गावं झोपायची.

जिथे लाकडी खांब धड होते आणि माळवदाचं ओझं खांबांवर होतं तिथे भिंती बाहेर पडल्या आणि छत खांबांवर तरलं. अशी घरं मी स्वतः पाहिली आहेत. खांब भिंतीत चिणून आतून कुजलेले होते, किंवा तुळया सरळ भिंतीवर ठेवलेल्या होत्या, तिथे काही उरलं नाही.

हा सगळा भाग तेव्हाच्या भारतीय नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दख्खनचा कातळ, इथे काय व्हायचंय, असाच आमच्या खात्यातही समज होता. नकाशा २००२ साली बदलला.

तिथल्या तेरणा नदीवरच्या माकणीच्या धरणामुळे भूकंप झाला का, असं कुणी विचारायच्या आत सांगतो, त्यावर तज्ज्ञांत एकमत नाही. धागा तिकडे नेऊ नये ही विनंती.

आणि एक खंत. पुढे लोक दगडाचं नावच काढू देईनात. सिमेंटच हवं. आम्ही गावोगाव सभा घेऊन सांगायचो की दगडाचा दोष नाही, बांधणीचा आहे. भिंतीला आरपार दगड घाला, कोपरे बांधा, वरून पट्टा फिरवा, माळवदाची माती कमी करा, घर टिकेल. माना डोलवायचे आणि सिमेंटची पोती मागायचे.

---

तेरणाकाठ

@ओळंबा, तुमच्या अशा एका सभेत मी असेन कदाचित. दगडाचा दोष नसेल हो. पण ज्या दगडाखालून आपण माणूस काढला, तोच घासूनपुसून पुन्हा भिंतीत बसवा म्हणता? आज्जीने जुन्या घरातला एकच दगड नव्या घरी आणू दिला, पाटा. तोही मागच्या दारी ठेवला.

नव्या गावाबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते. बावन्न गावं नवी वसवली म्हणतात. रस्ते रुंद, सरळ, चौकोनी. शेतजमिनीवरून घराचं माप ठरलं. भूमिहीन आणि थोडक्या जमिनीवाल्यांना अडीचशे चौरस फूट, त्यावर चारशे, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे. आम्हाला चारशेचं मिळालं. सात खणांतून आलेल्यांना ते खुराड्यासारखं वाटलं, पण तेव्हा राहणारी माणसंही तेवढीच उरली होती. घर मजबूत आहे, नाव ठेवायला जागा नाही. फक्त जुन्या गावात बोळातून हाक मारली की चार घरं 'ओ' द्यायची. इथे हाक रस्त्यावरच राहते.

---

चर्चगेट स्लो

पाटा मागच्या दारी. हे वाचून उठून पाणी पिऊन आलो.

---

फुटबोर्ड

पैज हरलो.

काल रात्री जेवताना विषय काढला. बाबा पंच्याहत्तरीचे आहेत, आमच्याकडेच असतात, आई पण. मी मोठ्या ऐटीत बटणाची गोष्ट सांगितली. आईने घास खाली ठेवला. 'तुझे बाबा त्या रात्री घरी कुठे होते? मुक्कामी होते.'

मला उचलून आणलं ते शेजारच्या काकांनी. ते पोलिसात होते, विसर्जनाच्या बंदोबस्तावरून तासाभरापूर्वी घरी आलेले, वर्दी अंगावरच. खाकी. आईच्या कडेवर धाकटी होती, म्हणून मला त्यांनी घेतलं. तीस वर्षं मी त्या खाकीत आपला बाप घालून बसलोय. मजा म्हणजे हे सगळं कळूनसुद्धा आत्ता डोळे मिटले की बटण रुततं आणि वास येतो तो बाबांचाच, डिझेलचा.

मग बाबांना विचारलं, तुम्ही कुठे होतात? म्हणाले, 'आजवर विचारलंस कधी?'

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात जाऊन थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघते ती. ड्रायव्हर-कंडक्टर बहुतेक गाडीतच झोपतात. बाबांची गाडी लोहाऱ्याकडच्या एका गावात होती. गावच्या गणपतीचं जेवण झालं, यजमान म्हणाले, ओसरीवर निजा, अंथरूण टाकलंय. कंडक्टरकाकांची तयारी होती. बाबांचं म्हणणं, साडेपाचला निघायचंय, गाडीतच बरं. गाडी उताराला लावायची आणि पुढच्या चाकांखाली दगड द्यायचे ही त्यांची जुनी सवय. दोघेही गाडीत, बाकांवर आडवे.

पहाटे गाडी हलली आणि दगडांवरून उतरून पुढे निघाली. बाबांना वाटलं पोरांनी दगड काढले, विसर्जनाची रात्र, टवाळकी. धडपडत जाऊन ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं काढून त्यांनी पोरांना आईबहिणीवरून शिव्या घातल्या. इथवर सांगून बाबा थांबले. म्हणाले, 'त्या गावात भूकंपानंतरचा पहिला आवाज माझ्या शिव्यांचा.'

हेडलाइट लावले तर पुढे भिंतच दिसायला लागली. धुळीची. मग इंजिन चालू ठेवून दिवे तसेच जळत ठेवले, उजाडेपर्यंत, उकरणाऱ्यांना दिसावं म्हणून. फटफटल्यावर दारांच्या फळ्यांवर घालून माणसं आत घेतली, बाकांवर, मधल्या वाटेत, मिळेल तिथे. उमरग्याला तीन खेपा केल्या. चौथ्या वेळी लष्कराच्या गाड्या समोरून येताना दिसल्या, आणि मग पाऊस लागला. बाबा सहाव्या दिवशी घरी आले. मला तो दिवस अजिबात आठवत नाही.

कंडक्टरकाका शिस्तीचे. डेपोत परतल्यावर वे-बिल भरून द्यायलाच हवं असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक टप्प्यापुढे, प्रत्येक खेपेला, तिकीट विक्रीच्या रकान्यात त्यांनी एकच शब्द लिहिला, 'निरंक'. बाबा म्हणाले, 'गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि कागदावर बघावं तर निरंक, निरंक, निरंक.' डेपोतल्या कारकुनाने कागद घेतला, बघितला आणि काही न विचारता शिक्का मारला.

---

उंटावरचा शहाणा

पैज मला नको.

---

निळी शाई

उमरग्याहून पुढे सोलापूरला आलेल्या गाड्यांत तुमच्या बाबांनी आणलेली माणसं असणारच. मी पुसलेल्या चेहऱ्यांतलं कुणी. विचार करत बसले आहे.

---

तेरणाकाठ

गावाचं नाव बाबांना नको असेल तर लिहू नका. आमच्या गावात मुक्कामी गाडी यायची नाही, ती आमची नव्हे. तरी बाबांना एक विचाराल? दिवे कुठे तोंड करून होते?

---

फुटबोर्ड

विचारलं. लगेच सांगितलं त्यांनी, आठवावं लागलं नाही. म्हणाले, मारुतीच्या देवळाकडे. पण उजेड तिथवर पोचत नव्हता, पहिल्या दोन घरांवरच थांबत होता.